कोणाच्या नेहमीसारखं?

रंगाच्या दुकानात शेड बनवणारी ताई म्हणजे हाताची पक्की. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा पुढे टाकावा आणि तिने पांढऱ्या डब्यात थेंब थेंब सोडत तस्साच रंग उतरवावा. पण असल्या काटेकोर बाईने स्वतःच्या पाळीचं माप कधी घेतलं नव्हतं. घ्यायचं तरी कशाला? आई, मावशी, धाकटी बहीण, सगळ्यांचं सारखंच. एकावर एक दोन पॅड, तीही तासा-दोन तासाला बदलायची. गडद कपडे, गादीवर जुनी चादर आणि उठताना मागे वळून बघणं. "आपल्याकडच्या बायकांत रक्तच भरपूर," मावशी अशा तोऱ्यात सांगायची, जणू घराण्याचा दागिनाच.

यंदा मात्र शिडीवर चढलं की ताईच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. एकदा तोल जाऊन डबा हातातून निसटला आणि फरशी पिवळीजर्द झाली. मालक काही बोलले नाहीत. तिनेच मनाशी ठरवलं, आता नोकरी सोडायची. काम जिवापाड आवडायचं, पण अंगात त्राणच नाही तर करणार काय!

त्याआधी एकदा दाखवून यावं म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"रक्तस्राव किती होतो?"

"नेहमीसारखाच."

"कोणाच्या नेहमीसारखा?"

डॉक्टरीणबाईंनी तिला रक्त तपासायला सांगितलं आणि पाळीत वापरायचा, मापाच्या रेघांचा कप दिला. "अख्ख्या पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर गेलं, तर जास्त समजायचं."

पाळी आली आणि पहिल्याच दिवशी ऐंशी कधीच मागे पडले. कप हातात धरून ताई बाथरूममध्ये उभी राहिली. तिला आधी हसू आलं. दुकानात माप एवढं चुकलं असतं, तर मालकांनी कान धरून बाहेर काढलं असतं! मग स्वतःचीच कीव आली आणि ती रडली.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन तळाला गेलेलं निघालं. "दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नव्हतं थांबलं. आईचंही नाही. आणखी तपासण्या झाल्या. रक्त नीट न गोठण्याचा दोष घराण्यातच होता. औषधं सुरू झाली, हळूहळू अंगात जीव आला. नोकरी सोडायचा विषय मागे पडला.

आई भाजी निवडत होती, तेव्हा ताईने तिला सगळं समजावून सांगितलं. "धाकटीला तपासायला नेतेय. तूही चल."

आईचा हात थांबला. "पाळीत मी पडून राहायचे, उठवतच नसे गं. तुझी आजी साऱ्या गल्लीला सांगायची, सून आळशी मिळाली. तुझे बाबाही तेच म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं."

"आळशी नव्हतीस तू, आई. आजारी होतीस."

आईने हातातली जुडी खाली ठेवली.

"आता हे सांगू कुणाला?" ती म्हणाली. "म्हणणारे तर सगळे गेले."