कोपऱ्यात गेलेला स्क्रू

गेमिंगचा कॉम्प्युटर मी स्वतः न जोडता ऑर्डर देऊन बनवून घेतला, हे बाबांना कळतं तर त्यांनी चार दिवस अबोला धरला असता. ते गिरणीत फिटर होते. दुसऱ्याने आवळलेल्या स्क्रूवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. आमचा पहिला कॉम्प्युटर आम्ही दोघांनी परळच्या चाळीतल्या खोलीत, जमिनीवर बसून जोडला. फरशीला उतार होता. निसटलेला स्क्रू घरंगळत खिडकीखालच्या कोपऱ्यात जायचा आणि तो अडवायला बाबा तिथे भिंतीला हात टेकवून बसायचे. स्क्रू भिंतीवर आपटल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही.

बाबा गेले आणि मला स्क्रूड्रायव्हर हातात धरवेना. म्हणून दादरच्या एका दुकानात पार्ट्सची यादी देऊन मोकळा झालो. चार दिवसांनी, दुकानासाठी घरून जोडणी करणाऱ्या माणसाने फोटो पाठवला. कॅबिनेटच्या काचेत समोरची खिडकी उमटली होती. चार गज बारीक, पाचवा जाड. तो पाचवा आमच्या परळच्या खोलीला बाबांनी स्वतः बसवला होता.

ती खोली माझ्या नावावर होती आणि बाबा आजारी असतानाच मी एजंटमार्फत विकून टाकली होती, त्यांना न सांगता. त्यांचा एकच धोशा असायचा, "एकदा खोलीवर ने रे." मी म्हणायचो, "रविवारी नेतो." असे तीन रविवार मी ढकलले. चौथा त्यांनी पाहिलाच नाही. याची मला आजही लाज वाटते.

मी पत्ता मागवला. तीच चाळ, तोच मजला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. जोडणारा माझ्याच वयाचा, शांत माणूस. आमच्या खोलीत आता त्याचं टेबल होतं. मी इथे राहायचो, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"शेवटचा स्क्रू मी कस्टमरलाच लावायला देतो, साहेब," तो म्हणाला. "तेवढाच तुमचा हात लागतो."

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. स्क्रू सटकला, फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. मी कान देऊन उभा राहिलो. आवाज आला नाही.

"इथे असंच होतं," तो म्हणाला. "कोपऱ्यात जातो, पण भिंतीला लागतच नाही. सुरुवातीला जाम टरकायचो. आता थँक्यू म्हणतो."

"कोणाला?"

"असेल त्याला."

मी कोपऱ्यात जाऊन खाली बसलो. फरशीचा उतार थेट भिंतीपर्यंत होता, पण स्क्रू भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबला होता. बाबा खोलीवर पोचले होते. मी न नेताच.