विहिरीतला कोल्हा आणि संत्र्याची नक्कल

राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडं गेलं, आमचं सौंसर इकडं हिंदी मुलखात राहिलं आणि तहसीलीतले मराठी छापील अर्ज रद्दी झाले. भलं झालं ते एका बाबूचं. त्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर तो लेकरांसाठी गोष्टी लिही. रांग पार रामाकोना गावापर्यंत गेली तरी त्याची मान खालीच.

संत्र्याच्या बगीच्याच्या कागदाच्या नकलेसाठी मी तीन खेपा घातल्या.

"थांबा जी," तो म्हणे, "सध्या कोल्हा विहिरीत बुडून राहिला."

चौथ्या खेपेला नक्कल मिळाली. तिला टाचणीनं गोष्टीचं एक पानही चुकून लागून आलं. घरी लेकीनं तेवढंच वाचलं. "बाबा, कोल्हा निघाला का?"

पाचव्यांदा रांगेत उभा राहून मी तेच विचारलं. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"बसा," म्हणाला, "हे काम अर्जंट आहे."