टिकल्या लावलेला गळ

टोकियोजवळ ग्योतोकुला आम्ही राहायचो तेव्हा माझं निम्मं आयुष्य कचऱ्यात गेलं. खोटं नाही सांगत. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, काच, डबे, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि या सगळ्यावर तळमजल्यावरच्या एका आजींची करडी नजर. एकदा माझ्या पिशवीत चहाच्या चोथ्याबरोबर आल्याच्या पेस्टची ट्यूब गेली, तर संध्याकाळी ती पिशवी माझ्याच दाराला लटकलेली. सोबत चिठ्ठी, अत्यंत नम्र भाषेत माझी लाज काढणारी. समोर आल्या की मी त्यांच्या आडनावाला सान, म्हणजे आपलं जी, लावून, कमरेत वाकून बोलायचे. घरात आम्ही नवराबायको त्यांना कचराआजी म्हणायचो.

आता आम्ही फुनाबोरीला असतो. इथे माझी पिशवी कुणी परत आणून देत नाही. आणि काय सांगू, मला त्या चिठ्ठ्यांचीसुद्धा आठवण येते.

ग्योतोकुला असतानाच, जूनमधल्या एका शनिवारी दारावरची बेल वाजली. बघते तर कचराआजी. म्हटलं, आता काय केलं मी? पण त्यांच्या हातात एक चपटी मोठी पेटी होती आणि चेहरा पडलेला होता.

"ओकुसान, हे कशात टाकायचं हो?"

ओकुसान म्हणजे आपण शेजारणीला वहिनी म्हणतो तसं. पण कचराआजी मला विचारताहेत! मी त्यांना आत बोलावलं, आल्याचा चहा टाकला.

त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. बाल्कनीत त्यांचे मासेमारीचे रॉड, खुर्च्या, पेट्या तशाच पडून होत्या. मोठं सामान नेणारी गाडी गुरुवारी यायची ठरली होती. पेटीत एक रीळ होतं, त्याला गुंडाळलेली दोरी वरून सुताची आणि आत शिशाची. सूत म्हणून टाकायची की शिसं म्हणून, हा आजींचा प्रश्न. निदान मला तरी वाटलं, की तोच प्रश्न आहे.

दुसऱ्या कपाला खरं काय ते बाहेर आलं. टोकियोच्या उत्तरेला डोंगरात एक तळं आहे. दर उन्हाळ्यात दोघं तिथे हिमेमासू धरायला जायचे. हिमेमासू म्हणजे समुद्राचं तोंडही न पाहिलेला, तळ्यातच जन्मून तळ्यातच वाढणारा सॅमन. होडीचं इंजिन आजी चालवायच्या. मासा जवळ आला की दांड्याचं जाळं आजी धरायच्या. साफ करून मीठ लावून भाजायच्यासुद्धा आजीच. रॉड मात्र कधीच त्यांच्या हातात आला नाही.

"एकदाही नाही?" मी विचारलं.

"एकदाही नाही. गुरुवारी सगळं जाईल. त्याआधी एक तरी मासा मला माझ्या हातानं काढायचाय." हे त्यांनी कपात बघत इतक्या हळू सांगितलं, की जणू काही चोरीच करायची होती.

माझ्या नाकावर राग तयारच असतो. अख्खा जन्म त्या बाईनं होडी हाकली आणि तिला एकदा काठी धरायला मिळू नये? म्हटलं, "चला! गाडी मी चालवते. मंगळवारी रजा टाकते." म्हणून मोकळी झाले, आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझा माशांशी संबंध ठाण्याच्या बाजारात सुरमईचा भाव करण्यापुरता. नवऱ्यानं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "अगं, तुला पोहता तरी येतं का?" येत नाही, ते त्यालाही माहीत होतं.

रविवारी आजींच्या टेबलावर सगळा संसार मांडला. हा मासा काठावर बसून गळ टाकून मिळत नाही. होडी अगदी सावकाश, रमतगमत चालवायची आणि मागे दोरी ओढत न्यायची. शिशामुळे दोरी आपोआप खाली बसते. ठरावीक अंतरावर तिचा रंग बदलतो, म्हणजे किती रंग पाण्यात गेले त्यावरून खोली कळते. लाल संपला, पिवळा संपला, हिरवा सुरू झाला, की थांबायचं. दोरीच्या टोकाला वीतभर चकचकीत पत्रा, त्याला डॉजर म्हणतात. तो पाण्यात डावीउजवीकडे डुलतो आणि लांबच्या माशाला वाटतं, तिथे काहीतरी खाणंपिणं चाललंय. त्याच्यामागे बारीक दोरा आणि शेवटी नखाएवढा चमचा, त्याला गळ.

पेटीत यजमानांनी डॉजर कसे लावून ठेवले होते! उन्हाचे चंदेरी, ढगाळ दिवसाचे तांब्याचे, दुपारचे हिरवे, एकेक आपापल्या कप्प्यात. मी सहज विचारलं, "मग तुम्ही कुठला लावणार?"

आजींनी एकेक कप्पा निरखून पाहिला. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाल्या, "गुलाबी."

अख्ख्या पेटीत गुलाबी रंग औषधालाही नव्हता. एकदा आजींनी हौसेनं एक गुलाबी डॉजर आणला होता, तर यजमान म्हणाले, माशाला काय बाहुलीशी खेळायचंय? आणि तो परत करायला लावला. म्हटलं, दुकानातून नवीन आणू. तर आजी म्हणाल्या, त्या दुकानात यांचे सगळे मित्र बसलेले असतात, त्यांच्यासमोर गुलाबी मागायची मला लाज वाटते.

मी तडक वर गेले आणि टिकल्यांची पाकिटं घेऊन आले. माझी आई प्रत्येक पार्सलमध्ये मसाल्याबरोबर टिकल्या कोंबते, आणि इथे ऑफिसला त्या लावते कोण? त्यातलं चमकत्या राणी रंगाचं पाकीट आजींना दाखवलं. "अराऽ!" म्हणजे आपलं अगंबाई, असं म्हणून त्यांनी गालावर हात ठेवला. मग चंदेरी डॉजर पुसून घेऊन त्यावर टिकल्या चिकटवल्या, अगदी सरळ रांगेत, एकही सूतभर वाकडी नाही. कचराआजीच त्या! पाण्यानं सुटू नयेत म्हणून मी वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचे दोन हात दिले. डॉजरमागचा दोरा यजमान दीड हात ठेवायचे. आजींनी कात्री घेतली आणि बरोबर एका हातावर कापला. आखूड दोऱ्यानं चमचा जास्त उसळतो म्हणे. "माझ्या मनात हे कधीपासून होतं," त्या म्हणाल्या, आणि कात्री जागेवर ठेवली.

सोमवारी संध्याकाळी जाऊन तळ्याकाठी मुक्काम केला. मंगळवारी सकाळी भाड्याची होडी घेतली. लायसन्स लागत नाही असलं चिमुकलं इंजिन, पण मला ते विमानासारखं वाटत होतं. आजींनी रॉडपाशी बसायचं, म्हणजे होडी मी हाकायची. लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत आवळून मी सुकाणू धरलं आणि होडी अशी नागमोडी निघाली, की काठावरचा होडीवाला टोपी काढून बघत राहिला. आजी पुढून सांगत होत्या, "हळू, ओकुसान, अजून हळू. चालत्या बाळाच्या मागे जातो ना, तसं." मला बाळ दिसायला लागलं आणि होडी सरळ झाली. एक एक रंग पाण्यात गेला. डोंगरावर अजून थोडा बर्फ होता, पाणी काळंनिळं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आजही ऑफिसात डोकं उठलं, की मी ती सकाळ काढून बसते.

आणि रॉडचं टोक हललं. टकटक, टकटक.

"आजी!" मी मराठीतच ओरडले.

आजी उठल्या. झटक्यात मागे आल्या, माझा हात बाजूला करून इंजिन बंद केलं, जाळं उचललं आणि होडीच्या कडेला तयारीत उभ्या राहिल्या. रॉडपाशी कुणीच नाही! दोरी सैल पडली, टोक सरळ झालं. मासा गेला.

जाळं हातात धरून आजी त्या सरळ झालेल्या टोकाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या. "हात आपोआप गेले," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला रडूही यायला लागलं आणि रागही. आजींचा नाही, त्या यजमानांचा. मेलेल्या माणसावर कसलं रागवायचं, पण आला खरा.

मी जाळं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्याच्यावरच बसले. हो, बुडाखाली घेऊन! म्हटलं, "आता जाळं नाही, इंजिन नाही. तुम्ही जागेवरून हललात तर बघा." जपानीत इतकं उद्धट मी कधीच कुणाशी बोलले नव्हते. आजी निमूटपणे रॉडपाशी जाऊन बसल्या आणि दोन्ही हातांनी तो धरून ठेवला.

पुढचा तासभर काही झालं नाही. माझा धीर सुटत आला होता. टिकल्या सुटल्या असतील, आता गुरुवारी सगळं जाईल आणि ही बाई जन्मभर हळहळेल, असं नाही नाही ते मनात यायला लागलं.

मग रॉड वाकला. या वेळी आजी जागच्या हलल्या नाहीत. मी होडी चालूच ठेवली. त्या रीळ फिरवत होत्या, झटका न देता, कारण या माशाचा ओठ पापडासारखा, जोर लावला की तुटतो. हिरवा वर आला. पिवळा आला. लाल आला. पाण्यात माझ्या आईच्या टिकल्या चमकल्या, सगळ्याच्या सगळ्या! त्यांच्यामागे चांदीचा मासा. मी धडपडत बुडाखालचं जाळं काढलं, होडी कशीबशी डुचमळत राहिली, आणि मासा आत आला.

मी नाचायचीच बाकी होते. आजी मात्र आपल्या मनगटांकडे बघत होत्या.

"इतका हलका?" त्या म्हणाल्या.

"लहान आहे का?"

"नाही हो, चांगला मोठा आहे. पण ते म्हणायचे, पाण्यात असताना हा फार जड असतो, तुझ्या मनगटांना झेपायचा नाही. चेहरासुद्धा तसाच करायचे, दात आवळून. मला खरं वाटायचं. इतकी वर्षं मला खरं वाटत होतं." मग तळ्याकडे बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बाका!" म्हणजे मूर्ख. ते त्यांना म्हणाल्या की स्वतःला, मी विचारलं नाही.

डोळे पुसून त्यांनी लगेच पुन्हा दोरी सोडायला घेतली. दुपारपर्यंत आणखी दोन मासे काढले. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "आजी, जरा मी धरू का?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दात आवळून, कपाळाला आठ्या घालून, जाड्याभरड्या पुरुषी आवाजात म्हणाल्या, "फार जड आहे. तुम्हाला नाही झेपायचा."