मिस्साची घंटा आणि रोमनचं हरीण

लोरेटाच्या बारमध्ये आरशाच्या वर माझा दीर रोमन याच्या शर्टांची मागची टोकं खिळ्यांनी ठोकलेली आहेत. आमच्याकडे, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, हरणावरचा नेम चुकला की त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर शर्टाचं शेपूट कापतात आणि त्यावर नाव लिहून भिंतीला लावतात. बहुतेकांचं एखाददुसरं असतं. रोमनची रांग आहे. त्यातलं निळ्या चौकडीचं मी शिवलेल्या शर्टाचं. नाताळला दिला होता, पुढच्या नोव्हेंबरात, शिकारीच्या मोसमात, गेला.

रोमन जन्मभर कागदाच्या गिरणीत राबला. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "नेम धरला होता, पण ती हलली."

गिरणीपेक्षाही जुनं त्याचं दुसरं काम म्हणजे रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी दानाची टोपली फिरवणं. लांब दांड्याची ती टोपली तो चिकट माणसाच्या नाकाखाली इतका वेळ धरून ठेवी, की शेवटी हात खिशात जायचाच. प्रवचन सुरू झालं की टोपलीवाल्यांनी मागच्या दाराने बाहेर जाऊन पाइप ओढायचा, हाही आमच्याकडचा नियमच. फादर सिरिल यांच्या प्रवचनाला एक पाइप पुरत नसे. आवाज खाली आला की रोमन बाहेरूनच ओळखायचा, की आता आवरतंय, आणि आत यायचा.

दलदलीच्या काठी माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं एक मचाण होतं. लहानपणी रोमन तिथे बापाच्या मांडीला मांडी लावून बसला होता, म्हातारा गेल्यावर एकटा बसत होता. फळीला त्याच्या बैठकीचा खळगा पडला होता. पण सासरे नियम घालून गेले होते: लागोपाठ तीन मोसम रिकाम्या हाताने परतलास, तर मचाण पुढच्याला. रोमनचे दोन मोसम कोरडे गेले होते आणि पुढचा नंबर माझ्या मुलाचा, ड्वेनचा होता. ती फळी काढून तिथे तयार खोपटं बसवायचं, आत हीटर आणि गादीची खुर्ची ठेवायची, असा त्याचा बेत ठरलेला. "काका, तुम्हालाही बोलवीन कधीतरी," असं तो जेवताना म्हणाला, आणि रोमनने त्या दिवशी गोडाला केलेला पाय दुसऱ्यांदा घेतला नाही. सफरचंदाचा होता.

त्या वर्षी हरणांनी दिवसा बाहेर पडणंच सोडून दिलं. सकाळी ताजे माग दिसायचे, ताज्या लेंड्या दिसायच्या, हरीण नाही. कारण उघड होतं. गावातले सगळे पुरुष उजाडायच्या आत बॅटऱ्या घेऊन, खोकत रानात शिरायचे, दुपारी सूप प्यायला बाहेर यायचे आणि पुन्हा तिथेच जाऊन बसायचे. हरणाने का उठावं?

रोमनने डाव बदलून पाहिले. सगळे सूप पीत असताना तो सँडविच घेऊन मचाणावरच बसला. मग मचाण सोडून, हरणं झोपतात त्या देवदारांच्या दाट जाळीपाशी सरकला. मग नराला भुलवायला त्याने हरिणीच्या मुताची बाटली विकत आणली. ती गाडीत सांडली, कोटावर सांडली, आणि तोच कोट घालून तो मोसमाच्या पहिल्या रविवारी टोपली घेऊन फिरला. त्या दिवशी लोकांनी दान फार झटपट टाकलं.

पण त्याच रविवारी त्याला शोध लागला. मिस्साला जाताना बर्फ पडत होतं, आम्ही आत असताना थांबलं. सुटल्यावर तो तडक मचाणाकडे गेला, तर कोऱ्या बर्फावर एका मोठ्या नराचे खूर उमटलेले. तिथून तो थेट माझ्या स्वयंपाकघरात आला, बुटांसकट.

"डेल्फीन, त्यांना आपलं वेळापत्रक पाठ आहे. घंटा झाली की आपण चर्चमध्ये, रान मोकळं. आपण गुडघ्यांवर, ते पायांवर."

मोसम नऊच दिवसांचा, त्यात आता एकच रविवार उरला होता, शेवटच्या दिवसाचा. त्या दिवशी घंटेच्या वेळी मचाणावर बसायचं तर मिस्सा चुकवावा लागणार होता. फादरांनी परवानगी दिली नाही. सतरा मैलांवरच्या आयरिश चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी मिस्सा असतो, तो रविवारचा म्हणून धरतात, असं मी त्याला सुचवलं. आयरिश लोकांचा मिस्सा देवाला कळतो का, असं त्याने मला गंभीरपणे विचारलं. खरी अडचण टोपलीची होती. ती दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा त्याने मचाण दिलं असतं. म्हणजे तसं तो म्हणत होता, पण चेहरा पाहवत नव्हता.

शुक्रवारी सगळं गाव लोरेटाकडे तळलेला मासा खायला जमलं. दुसऱ्या ब्रँडीनंतर रोमनने आपला शोध साऱ्या बारला समजावून सांगितला. मी टेबलाखालून लाथ मारली, ती ड्वेनला लागली.

रविवारी घंटा झाली आणि चर्चमध्ये बायकाच बायका. कुणाच्या नवऱ्याला ताप, कुणाची पाठ, कुणाची गाडी सुरू होईना. फक्त पुरुषांना होणारी ती साथ होती. ड्वेनला म्हणे सर्दी होती, पण ती सर्दी माझा थर्मास घेऊन रानात गेली. एकटा रोमन टाय लावून मागे उभा. ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्यालाच येणं भाग होतं.

फादरांनी रिकामे बाक पाहिले, लिहून आणलेला कागद घडी घालून ठेवला आणि हरवलेल्या मेंढरांवर सुरू झाले. मेंढरं त्या वेळी शिकाऱ्यांचे नारिंगी कोट घालून झाडांवर बसली होती. रोमन पाइप घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला.

पुढचं त्याने सांगितलेलं आहे, म्हणून अर्धं धरा. रानात झाडागणिक माणूस, आणि सुनसान जागा एकच उरलेली, चर्चच्या मागची. पाइप पेटतो न पेटतो तोच तो नर कबरस्तानाचं बुटकं कुंपण ओलांडून आला आणि आमच्या नातलगांच्या मधून शांतपणे चालू लागला. रोमन गाडीपाशी सरकला, बंदूक काढली, भरली आणि थांबला. कबरींवर गोळी झाडायची नाही, एवढी लाज त्याला होती. नर पलीकडच्या आमच्या गवताच्या शेतात उतरला, तेव्हा त्याने चाप ओढला.

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. फादर वाक्याच्या मधेच थांबले. आम्ही सगळ्या पुढच्या आवाजाची वाट पाहत होतो, कारण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे: एक बार म्हणजे हरीण, तीन बार म्हणजे रोमन. दुसरा बार झाला नाही. फादरांनी उरलेलं प्रवचन दोन वाक्यांत उरकलं.

टोपली वेळेवर आली. मी कुजबुजत विचारलं, "लागलं?"

"दान टाक," रोमन म्हणाला. टोपली माझ्या नाकाखाली होती.

मिस्सा संपताच फादर झगा न उतरवता शेताकडे निघाले आणि पहिलं काय विचारलं, तर शिंगांना फाटे किती. दहा होते. थोड्या वेळाने दलदलीतून ड्वेन आला, ओठ निळे पडलेले, आता खरंच सर्दी झालेली. त्याने हरणाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं.

"काका, पण मचाणावरून नाही मारलात. हे नियमात बसतं का?"

रोमनने पाइपने कुंपणाच्या आतला माझ्या सासऱ्यांच्या कबरीचा दगड दाखवला. "नियम करणारा तिथे झोपलाय. जा, विचार त्याला."

 ड्वेन शिंकला, आणि काकाबरोबर हरीण ओढायला त्याने वाकून मागचे पाय धरले.