कायसारचं कोरिमदिक

कारागंदा शहराच्या बाजारात कायसारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन कपाटांमधली फट. गिऱ्हाईक नसलं की तो कॉम्प्युटरवर पोकर खेळायचा, तोही दोघांचा. समोर एकच माणूस, नाव खोटं, तोंड दिसत नाही. पत्त्यांत त्याचा हात बेताचाच होता, पण नोंदी लिहाव्यात त्यानंच. समोरच्याच्या नावावर टिचकी मारली की छोटा चौकोन उघडतो. त्यात तो मोजके शब्द टाकायचा. 'शेवटच्या पत्त्यावर झटकन मोठी बोली: हातात काही नाही.' 'विचार करून छोटी बोली: पत्ते भारी, पळ.' पुढे कधी तोच माणूस समोर आला की एवढ्यावर त्याला पाणी पाजता यायचं.

"माणूस कसा आहे ते लिहू नकोस," तो झालगासला बजावायचा. "काय करतो ते लिही. आणि मग आपण काय करायचं ते."

झालगास त्याचा कुर्दास, म्हणजे बरोबरीच्या वयाचा. कुर्दासनं काहीही टोचून बोलावं आणि आपण हसून घ्यावं, असा तिथला रिवाज. कायसारनंच त्याला पोकर शिकवला होता, आणि आता तोच कायसारच्या पुढे निघून गेला होता. नवं घर झालं, मुलगा झाला. कायसार जळायचा. उगाच गुळमुळीत कशाला बोलायचं, मनापासून जळायचा. झालगास फोनवर हसला तरी याला वाटायचं, आता याला आणखी काय मिळालं? झालगासच्या घरून जेवून आला तेव्हा बायकोनं, मोल्दिरनं, विचारलं, "बेशबारमाक कसा होता?"

"मांस निबर होतं," तो म्हणाला. मांस तोंडात विरघळत होतं.

त्या दिवशी तो रिकाम्या हातानं गेला होता. नवी सून, नवं बाळ, नवं घर पहिल्यांदा बघणाऱ्यानं काहीतरी हातावर ठेवायचं असतं. बघण्याचं मोल. त्याला म्हणतात कोरिमदिक. "विसरलोच बघ," तो दारात म्हणाला होता. विसरला बिसरला काही नव्हता, हात खिशाकडे वळला नव्हता.

अशात आर्तुर गेनरिखोविचच्या पोकरच्या संघात एक जागा रिकामी झाली. हा म्हातारा शिकवायचा, मोठ्या टेबलांवर बसवायचा आणि हरलात तर पदरचं भरायचा. त्या जागेसाठी कायसार दुकानसुद्धा विकायला तयार होता. म्हाताऱ्यानं दोघांना शनिवारी दुपारी बोलावलं. "आपसात खेळा. जिंकेल तो माझा."

डाव सुरू होण्याआधी त्यानं चष्मा पुसून कायसारच्या पडद्यावर झालगासबद्दलची नोंद वाचली. 'नशीबवान. आगाऊ. जिंकला की मुद्दाम हळू बोलतो. सासऱ्याची गाडी.'

"ही नोंद आहे की सासूची तक्रार? मला तर लोक सांगत होते, तुझ्यासारखं कुणी लिहीत नाही."

"याला मी लहानपणापासून ओळखतो, आर्तुर गेनरिखोविच. याची नोंद कशाला लागते?"

"तेच तर दिसतंय," म्हातारा म्हणाला.

झालगास चहा आणायला आत गेला. त्याचा पडदा उघडाच होता. कायसारनं मान वळवली. वळवायला नको होती, पण राहवतंय कुणाला? कायसारच्या नावाखाली एकच शब्द होता. 'कोरिमदिक.'

नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या. एवढं मनात धरलंस? घर बघितलं आणि काही दिलं नाही, हे लिहून ठेवलंस? झालगास चहाचे पेले घेऊन आला, तसं यानं हातातलं घड्याळ काढून त्याच्यापुढे आपटलं.

"घे! तुझ्या घराचं कोरिमदिक. फिटलं?"

झालगासनं घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या पडद्याकडे, आणि कानापर्यंत लाल झाला. "अरे कुर्दास, ते तसं नाही…"

"मग कसं आहे?"

"नंतर सांगतो. आत्ता सांगितलं तर माझाच घात होईल."

पाठीला पाठ लावून दोघे बसले. झालगासनं मोठी बोली लावली, कायसारनं कॉल केला, म्हणजे तेवढंच लावून त्याचे पत्ते बघितले. भारी पत्ते होते. पुढच्या मोठ्या बोलीलाही कॉल केला, पुन्हा भारी. तिसऱ्यांदाही तेच. पडद्यावरच्या चकत्यांचा निम्मा ढीग गेला तेव्हा कुठे कायसारच्या डोक्यात उजेड पडला. हा आपल्याशी एकदाही खोटं खेळलेला नाही! खोटं खेळायची गरजच काय? कायसार बघितल्याशिवाय राहत नाही, बघण्याचं मोल हमखास देतो. त्या एका शब्दात घराचा संबंधच नव्हता. जगात कुणी लिहिली नसेल इतकी नेमकी नोंद होती ती, आणि लिहायला शिकवलं होतं यानंच.

मग तो सावरला. मोठी बोली आली की पत्ते टाकून द्यायचा. आपले टाकले की समोरच्याचे कधीच दिसत नाहीत, आणि प्रत्येक वेळी तो मान वळवता वळवता थांबायचा. पण बाकीचे छोटे डाव तो मारत गेला आणि ढीग सारखे झाले. मागे उभ्या म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं. असंच खेळ."

आणि झालगासनं सगळंच्या सगळं लावलं.

कायसारच्या हातात दश्श्यांची जोडी होती. टाकून द्यावी, डाव पुढे चालूच राहणार होता. झालगासकडे काय आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. बोट 'सोडतो'वर गेलं. खांद्यावरचा हात जड झाला. पण पाठीमागे झालगास खुर्चीत जरासा हलला, आणि कायसारला वाटलं, हा हसतोय. काहीतरी आहे याच्याकडे. नेहमीच असतं. आणि मला दाखवणार नाही.

त्यानं कॉल दाबला.

खांद्यावरचा हात निघून गेला. पत्ते उलटले, राजांची जोडी होती. सगळा ढीग गेला, जागाही गेली. मोल्दिरला काय सांगायचं, तेही सुचेना. पण खरं सांगायचं तर, ते दोन राजे दिसले त्या क्षणी कायसारला हायसं वाटलं.