उस्तादाची झोप

ट्रेलर शिकवणारी शाळा धुळ्यात आहे की नाही, याची बिजलाने कधी चौकशीसुद्धा केली नाही. करून उपयोग नव्हता. गाडीमालकाच्या दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "कोणाच्या हाताखाली होतास?" तिथे उस्तादाचं नाव सांगावं लागतं. नाव वजनदार असेल तर किल्ली, नाहीतर आल्या वाटेने परत. लायसन काय, सगळ्यांच्याच खिशात असतं. बिजलाच्याही होतं. ते कसं पदरात पडलं ते रामायण वेगळं आहे, इथे नको.

उस्ताद लोकांनी परीक्षाही आपल्या सोयीची काढलेली. शिकाऊ माणसाच्या हाती भरलेली गाडी द्यायची आणि आपण सीटमागच्या फळीवर आडवं व्हायचं. उस्तादाला झोप लागली तर पोरगा पास. नाही लागली, तर अजून टायर ठोकत बस. ऐकायला ही थट्टा वाटते, पण तिच्यात तथ्य आहे. रस्त्यावर जन्म काढलेल्या माणसाचं अंग झोपेतही जागं असतं. इंजिन जरा अडखळलं, ब्रेक जरा उशिरा लागला, की डोळा उघडतोच. तोंड खोटं बोलेल, झोप बोलत नाही.

पोरगा म्हणायचं आपलं. बिजलाची पस्तिशी उलटली होती. ज्या वयात लोक उस्ताद होतात त्या वयात हा गडी आपल्या उस्तादाची, चुडामण नानांची भांडी घासत होता, काच पुसत होता, गाडी मागे घेताना पत्र्यावर थापा मारत होता. ढाब्यावरची मिसरूड न फुटलेली पोरं त्याला 'काका क्लिनर' म्हणून चिडवायची. तो हसायचा. हसण्यावाचून इलाज काय होता?

त्याचा पाडा पिंपळनेरच्या वर, डोंगरात. दिवाळी सरली की अर्धा पाडा दारं लावून गुजरातेत ऊस तोडायला जातो. बिजला आणि त्याची बायको गुंताबाई लग्न झाल्यापासून जात होती. फडावरचा ट्रॅक्टरवाला दारू पिऊन पडला की जीवराम मुकादम बिजलालाच हाक मारायचा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखाना गाठायला तो असाच शिकला. हात बरा होता, आणि त्यालाही तो आवडत होता.

मग तो हंगाम आला. गुंताबाईचे दिवस भरत आले होते, तरी ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी दवाने ओली. ती पडली ती मोळीसकट पडली. बाळ फडातच गेलं. बिजलाने ते बांधाच्या कडेला आपल्या हाताने पुरलं, आणि त्याच दुपारी मुकादमाने ट्रॉली भरायला हाक मारली तेव्हा दोघं उठून गेली. ते उठून जाणं बिजलाला आयुष्यभर बोचणार होतं. परत आल्यावर त्याने बायकोला शब्द दिला, "आते तुले उसमा नेवाव नही." आणि धुळ्याची गाडी धरली.

शब्द द्यायला काय लागतं! पुढचं साल गुंताबाईने मोलमजुरी करून आणि रानातलं काहीबाही बाजारात विकून कसंबसं रेटलं. क्लिनरला पगार कसला, दोन वेळचं खाणं आणि वर थोडी चिल्लर. आता ती पुन्हा गरोदर होती आणि घरातले दाणे संपत आले होते. बिजला एकटाच उसात गेला असता, पण जीवराम मुकादम एकटा गडी घेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा त्याचा हिशोब. जायचं तर गुंताबाईला घेऊनच जायचं. न जायचं तर ट्रेलरचं स्टेअरिंग हाती यायला हवं होतं, तेही दिवाळीच्या आत.

मालक प्रेमराज शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांचा एक ट्रेलर ड्रायव्हरवाचून उभा होता. ते म्हणाले, "बिजला, गाडी तुलाच देईन. नानांनी फक्त सांगावं, मला झोप लागली म्हणून. पण दिवाळीनंतर मी थांबणार नाही, दुसरा माणूस बघेन."

आणि नानांना झोप लागेना. चुडामण नाना धरणगावचे, साठीला टेकलेले, बोलायला काटकसरी. बिजलाच्या हाती गाडी देत, फळीवर आडवे होत, आणि डोळे मिटून छताकडे तोंड करून जागे राहत. "नाना, लागनी का?" असं बिजला विचारायचा. "नही लागनी, भो," एवढंच उत्तर. बिजलाच्या मनात पाप येऊ लागलं. असा राबणारा क्लिनर फुकटात मिळाल्यावर म्हातारा कशाला सोडेल? झोप येत असेल तरी दाबून धरत असेल! त्याला नानांचा राग येई, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटे. दिवाळी तोंडावर आली होती.

त्या खेपेला जळगावहून एका कारखान्याचं जुनं, अवजड मशीन लादून ते सुरतेकडे निघाले होते. नानांच्या अंगात कणकण होती. दहिवेलच्या ढाब्यावर त्यांनी अर्धी भाकर कशीबशी खाल्ली, तापाची गोळी घेतली आणि म्हणाले, "तू बस. घाट उतराना पहिले खालना गेर टाकजो. ब्रेकना भरवसावर ऱ्हाऊ नको."

"हो नाना."

दहिवेल मागे पडलं. दुपारचं ऊन काचेवर सांडलं होतं. कोंडाईबारीचा घाट समोर दिसायला लागला आणि बिजलाच्या कानामागे एक आवाज आला. आधी त्याला वाटलं, पट्टा घासतोय. मग समजलं. नाना घोरत होते.

बिजलाचा विश्वास बसेना. त्याने आरशात पाहिलं. तोंड उघडं, एक हात फळीखाली लोंबलेला. झोप गोळीची होती की भरवशाची, हे कोण विचारायला बसलंय? झोप ती झोप. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुंताबाई उसात जाणार नव्हती. या खेपेचं लेकरू घरात जन्मणार होतं, छपराखाली. तो तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत राहिला.

घाटाचा माथा आला. खालचा गिअर टाकायला त्याने दांड्यावर हात ठेवला आणि हात तिथेच थांबला. खालच्या गिअरात गाडी रोखून धरताना इंजिन किती ओरडतं, ते त्याला ठाऊक होतं. नाना पहिल्या ओरडण्याला उठतील. माथ्यावरच उठले तर झोप लागली असं कोण म्हणेल? आणि उसाच्या ट्रॅक्टरवर तर सगळेच उतारावर गिअर काढतात. डिझेल वाचतं, गाडी आपोआप पळते, आवाजसुद्धा येत नाही. तोही वर्षानुवर्षं तसाच उतरत आला होता. पहिल्या वळणापर्यंतच, तो स्वतःला म्हणाला, आणि गाडी न्यूट्रल केली.

इंजिन शांत झालं. नाना घोरत राहिले. गाडी निघाली.

पहिलं वळण ब्रेकवर निघालं. दुसरंही निघालं, पण पाय जरा जास्त दाबावा लागला. तिसऱ्या वळणाआधी ब्रेकच्या जळक्या पट्ट्यांचा वास आला आणि ब्रेक लावणाऱ्या हवेचा काटा खाली सरकू लागला. ट्रॅक्टरमागे ऊस असतो. इथे मागे लोखंडाचा डोंगर होता, आणि तो डोंगर आता पुढे ढकलत होता. बिजलाने गिअर टाकून पाहिला. दातांवर दात घासल्यासारखी करकर झाली, गिअर पडेना. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. हवा कमी झाल्याची शिटी वाजायला लागली. समोर रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली होती. पाठमोरी.

अजूनही तो नानांना हाक मारेना! हे सांगताना लाज वाटते, पण खरं तेच सांगायला हवं. मृत्यू काचेसमोर उभा असताना या माणसाच्या मनात एकच होतं, उठवलं की संपलं. उठवलं की गुंताबाई पुन्हा ट्रॉलीच्या फळीवर चढली. त्याने हॉर्नचा दांडा ओढला. बाईने वळून पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"नाना! उठा नाना!"

चुडामण नाना फळीवरून खाली आले ते पडतच. एका नजरेत त्यांनी सगळं ओळखलं. "क्लच दाब! सोड! रेस दे! आजून दे! आते दाब!" दांड्यावर बिजलाचा हात होता, त्यावर नानांचा. गिअर बसला. इंजिनाने अशी किंकाळी फोडली की घाट दणाणला. नानांनी स्टेअरिंग डोंगराकडे खेचलं. गाडीची शेपटी बाईच्या मोळीला चाटून गेली, मोळी उडाली, बाई रस्त्याकडेच्या चारीत गेली. चाकं मुरुमाच्या ढिगाऱ्यात घुसली, ढिगारा ढकलत राहिली, आणि गाडी थांबली.

बिजला धावत मागे गेला. बाई चारीतून उठून उभी राहत होती. कोपर फुटलं होतं. तिने त्याला अस्सल शिव्या हासडल्या, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या शिव्या ऐकताना बिजला दोन्ही हात जोडून रडत होता. त्याने तिची लाकडं वेचून मोळी बांधून दिली.

नाना दगडावर बसले होते. बिडी पेटवायच्या खटपटीत काड्या वाया जात होत्या.

"न्यूट्रल करं व्हतं?"

"हो नाना."

"कसाले?"

बिजलाने सांगितलं. गिअरच्या आवाजाने झोपमोड होईल म्हणून. मग बिजला त्यांच्या पायाशी बसला आणि आजवर जे कधी बोलला नव्हता ते सगळं बोलला. फळी, मोळी, बांध, गुंताबाईचे दिवस. "नाना, शेठले एवढंच सांगा, झोप लागनी व्हती. खोटं थोडंच शे ते?"

"खोटं नही," नाना म्हणाले. "लागनी व्हती. तू माले उठाडं, तेबी चांगलं करं. पन भो, मी व्हतू म्हनीसन उठाडं. उद्या गाडीमा तू एकला राहशी, तवय कोनले उठाडशी?"

बिजलाने चारीकडे पाहिलं.

"ती बाई देखी ना?" नाना म्हणाले. "तीबी कोनी तरी गुंताबाईच शे."

धुळ्याला परतल्यावर नानांनी शेठना इतकंच सांगितलं, की हात चांगला आहे, पण अजून नाही. बिजला दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. त्याला म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. आणि म्हातारा चुकला कुठे, ते शोधू गेला तर सापडेना. याहून वाईट अवस्था माणसाची होत नसावी. निघताना नाना म्हणाले, "हंगाम सरना का परत ये. मी वाट देखसू." बिजलाने मान हलवली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. उभा ट्रेलर त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या हाती गेला.

घरी पोचल्यावर त्याने गुंताबाईला काही लपवलं नाही. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. त्याला वाटलं ती रडेल, नाहीतर चार शब्द सुनावेल. तिने विचारलं, "ती बाई उठनी का?"

"उठनी."

"बरं झायं," ती म्हणाली, आणि उठून तिने आढ्यात खोचलेले कोयते काढले.

दिवाळी आटोपली आणि जीवराम मुकादमाचा ट्रॅक्टर पाड्याखाली येऊन उभा राहिला. दोन ट्रॉल्यांत भांडी, पोरं, कोंबड्या, म्हाताऱ्या. गुंताबाईला बिजलाने पुढच्या ट्रॉलीत गोधडी अंथरून बसवलं. मग तो मुकादमासमोर जाऊन उभा राहिला. "ट्रॅक्टर मी चालाडस."

"चालाड," मुकादम म्हणाला. त्याचं काय जात होतं?

कोंडाईबारीच्या माथ्यावर बिजलाने ट्रॅक्टर थांबवला, खालचा गिअर टाकला आणि मगच उतार धरला. इंजिन ऊर फुटेस्तोवर ओरडत होतं. मागून लोक ओरडत होते, रात्र करशील का! मुकादम शेजारी मडगार्डवर बसून डिझेलच्या नावाने शंख करत होता. "गेर काढ! बैलगाडी शे का?" बिजलाने दांड्याला हात लावला नाही. मुरुमाचा ढिगारा गेला, ती चारी गेली. वळणामागून वळण बैलाच्या चालीने निघत गेलं. त्याची पाठ घामाने भिजली होती.

घाट संपला. सपाटीला गाडी थांबवून तो मागे धावला. गुंताबाई पोटावर हात ठेवून बसली होती.

"घाट कवय सरना, माले समजनं बी नही," ती म्हणाली. "धक्का सुदीक लागना नही."

तिला वाटलं, ऐकून तो हसेल. तो ट्रॉलीचा पत्रा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. एवढं जपून, एवढ्या निगुतीने त्याने बायकोला घाट उतरवून दिला होता. पण रस्ता पुढे उसाच्या फडाकडेच जात होता. पुढून मुकादमाने हाक मारली, आणि बिजला पुन्हा स्टेअरिंगवर जाऊन बसला.