टेबलक्लॉथवरची चित्राहुती

पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर मी चित्राहुती घातली. म्हणजे समोर भात आला आणि बाकीचं आपोआप झालं. हातावर पाणी घेतलं, बशीभोवती फिरवलं, उजव्या बाजूला चार शितंही मांडली. मुंजीपासून पाटावर बसून जे करत आलो तेच केलं. फक्त इथे खाली सारवलेली जमीन नव्हती. पाणी कापडातून पसरत पसरत बायकोच्या बशीपर्यंत पोचलं. ती पदर तोंडाला लावून पडद्यावरची फुलं बघू लागली. हसू आवरायची तिची ही पद्धत अजूनही तीच आहे.

तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचो. शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी नुकती कुठे स्थिरावत होती. मिलिटरीच्या बराकींना पडदे लागले होते, पुढच्या बाजूला दुकानं निघाली होती. त्यातल्याच एका बराकीत कराचीहून आलेल्या एका गृहस्थांनी हॉटेल काढलं होतं. बाकड्यांचं नव्हे हं. खुर्च्या, काचेचे पेले, घडी घातलेले रुमाल, आणि कुटुंबासाठी पडद्याआडची जागा. आमच्या ऑफिसात त्याचं नाव काढताना लोक आवाज खाली आणत.

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं एकदाही एका वेळी जेवलो नव्हतो. घरात आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, शेवटी बायकांची. बायकोने साडी मागितली नाही, बांगड्या मागितल्या नाहीत. एकदाच म्हणाली, “तुमच्यासमोर बसून जेवायचंय हो मला.” रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं, म्हणून मी रजा टाकून बुधवार धरला. आईला सांगितलं, कॅम्पात जरा कापड बघून येतो. आई माझ्या शर्टाचा वास घेऊन म्हणाली, “कापड बघायला अत्तर कशाला?” पण अडवलं नाही. आम्ही टांगा केला.

तर चित्राहुती झाली. मालक स्वतः टॉवेल घेऊन आले आणि काहीच घडलं नसल्यासारखे पुसू लागले. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, “साईं, कपड़ा है, सूख जाएगा.” मग गरम साईभाजी, म्हणजे डाळ घातलेला पालक, आणि भलेमोठे पापड ठेवून गेले.

आता जेवायचं. पण बायको हातच लावेना. माझ्या बशीत भाजी वाढली, पापड मोडून ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. म्हटलं, अगं, घे की. म्हणाली, तुमचं होऊ दे. म्हटलं, मग आपण आलो कशाला? म्हणाली, कळतंय मला, पण घास उचलत नाही. तिचे डोळे भरून आलेले बघून मीही हात मागे घेतला. तू घेतल्याशिवाय मीही घेणार नाही, म्हटलं. झालं. दोघं उपाशी, मधे भाजी निवतेय.

एवढ्यात मालकांनी पडदा सारून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खाना अच्छा नहीं बना, असं स्वतःशीच म्हणत ते बश्या उचलायला वाकले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पटकन भाताचा मोठा घास तोंडात घातला. भरल्या तोंडानेच मान डोलावली. मालक हसले आणि पडदा सोडून गेले.

मग आम्ही जेवलो. तिला घासागणिक तोंडी लावायला मिरची हवी असते, ती पापड शेवटासाठी राखून ठेवते, आणि भयंकर भरभर जेवते, हे मला त्या दिवशी कळलं. घरी मागे उष्टी-खरकटी वाट बघत असतात, मग सावकाश जेवणार कधी? म्हटलं, इथे कोणी हाक मारणार नाही. तेव्हा कुठे तिचा हात जरा सावकाश चालू लागला. मी काय काय बडबडलो देव जाणे. साहेबाची नक्कल केली एवढं आठवतंय, कारण तिला ठसका लागला होता.

परतताना पुन्हा टांगा केला. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, “घरी पानावर बसलात की तुम्ही फक्त ‘ताक’ म्हणता. आज केवढं बोललात.” मग पदर सारखा करत म्हणाली, “पुढच्या वेळी पाण्याचा पेला मात्र माझ्याकडे ठेवीन.”